दुसऱ्या फेरीपर्यंत

माझ्या नोकरीचं वर्णन मी नातेवाइकांत एका वाक्यात करत असे: दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. यावर माझ्या सासूबाई एकदा म्हणाल्या, "त्याला शिकावं कशाला लागतं? आमच्याकडे सगळ्यांनाच येतं ते." तेव्हापासून वर्णन तेच ठेवलं, फक्त त्यांच्यासमोर करणं बंद केलं.

पुण्यात आयटी कंपन्यांचे ते बहराचे दिवस होते. आम्ही नवरा-बायको लग्नानंतर नोकरीसाठी नागपूरहून आलो होतो आणि विश्रांतवाडीत तिसऱ्या मजल्यावर घर घेऊन राहत होतो. नवरा भोसरीच्या एका कारखान्यात, मी सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांच्या गटात. काही जण सॉफ्टवेअर लिहीत, आम्ही ते कुठे मोडतं हे शोधत असू. या कामाची एक शिस्त असते. काहीही सुरू करण्याआधी तक्ता करायचा: काय, कधी, कोणी, किती वेळात. तक्त्याच्या शेवटी एक रकाना असतो गृहीतकांचा. आपण मनाशी काय धरून चाललो आहोत ते तिथे लिहून टाकायचं. उद्या ते खोटं ठरलं तर निदान भांडण तरी कमी होतं. ऑफिसात होतंही. घरात काय झालं ते सांगते.

थोरली तेव्हा सातवीत होती, धाकटी पहिलीत. त्या वर्षीच्या ऑक्टोबरचा तक्ता मी ऑगस्टमध्येच केला. घरासाठी म्हणून मुद्दाम मराठीत, ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडून फॉन्ट मागून आणून. त्यात सहामाही परीक्षा होती, थोरलीचे खो-खोचे आंतरशालेय सामने होते, दसऱ्याला नागपूर होतं, फराळाचे दोन शनिवार होते. धाकटीचा हलणारा पुढचा दातसुद्धा होता. 'पडण्याचा अंदाज: ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा.'

"दाताला कळवलंयस का?" नवऱ्याने विचारलं.

मी लक्ष दिलं नाही. चार कागद छापले, चिकटपट्टीने जोडले आणि फ्रिजवर लावले. मला तो तक्ता फार आवडला होता. येता-जाता मी थांबून त्याच्याकडे पाहत असे.

त्यात हलवता न येणारी गोष्ट एकच होती, दसरा. त्या दिवशी आम्ही दीक्षाभूमीवर जातो. धम्मदीक्षा झाली तेव्हा माझे वडील बारा वर्षांचे होते आणि गावाहून आपल्या वडिलांबरोबर चालत आले होते. त्यांना त्या दिवसाचं आठवतं ते एवढंच, की जिकडे पाहावं तिकडे पांढरे कपडे होते आणि तहान फार लागली होती. त्यानंतर त्यांचा एकही दसरा चुकला नाही. लग्न होऊन मी पुण्याला निघाले तेव्हा ते म्हणाले होते, "बाकी दिवस तुमचे. तो एक दिवस इथं याल." मागणं म्हणून त्यांनी माझ्याकडे आयुष्यात केलेलं हे एकच. ते आम्ही दरवर्षी पाळलं, एकदा थोरलीला कडेवर घेऊन आणि एकदा धाकटीला पोटात घेऊन.

दसऱ्याच्या आठवड्यातलं पुणे-नागपूर पक्कं तिकीट काय चीज असते, ते पुण्यात राहणाऱ्या कुठल्याही नागपूरकराला विचारावं. मी आरक्षण खुलतं त्या सकाळी खिडकीपाशी पहिली होते. चार तिकिटं मिळाली. बुधवार दुपारची गाडी, शुक्रवारी दसरा.

सामने त्याच आठवड्यात होते. सोमवारी पहिली फेरी, मंगळवारी दुसरी, बुधवारी संध्याकाळी उपांत्य, गुरुवारी सकाळी अंतिम. हरला तो संघ घरी. थोरलीची शाळा गेली तीन वर्षं दुसऱ्या फेरीत घरी येत होती. मी आकडे पाहिले, सामन्यांना सोमवार-मंगळवार दिले, बुधवारची गाडी धरली आणि शेवटच्या रकान्यात अगदी प्रामाणिकपणे लिहिलं: 'गृहीत: संघ दुसऱ्या फेरीत बाहेर पडेल.'

आणि ते माझ्या हाताने फ्रिजवर लावलं.

दोन महिने ते कोणी वाचलं नाही. त्याच दिवसांत धाकटी जोडाक्षरं वाचायला लागली. घरात उत्सव होता. ती दुकानांच्या पाट्या वाची, पिठाच्या पिशव्या वाची, सिलिंडरवरची सूचना वाची, आणि आम्ही प्रत्येक वेळी टाळ्या वाजवत असू. सामन्यांच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, पोहे खाता खाता ती फ्रिजकडे वळली. बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून तिने वाचलं, "सं-घ दु-स-ऱ्या फे-री-त बा-हे-र प-डे-ल."

थोरलीचा घास हातात राहिला.

"परत वाच," ती म्हणाली.

धाकटीने आणखी मोठ्याने वाचलं आणि टाळ्यांसाठी आमच्याकडे पाहिलं.

"अगं, ते नुसतं गृहीत आहे," मी म्हणाले. "तिकिटं काढायची तर काहीतरी धरून चालावंच लागतं."

"मग जिंकू असं का नाही धरलंस?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. तीन वर्षांचे निकाल होते. आज आठवलं की स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरावासा वाटतो, पण मी ते निकाल तिला एकेक करून, वर्षवार सांगितले.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यातली दोन वर्षं मी राखीव होते. बाहेर बसून हरलेय मी. यंदा मी खेळणार आहे, हे तुझ्या तक्त्यात कुठे आहे?" ते कुठेच नव्हतं. ती उठली, बशी धुतली, पुसून जागेवर ठेवली. एरवी दहा वेळा सांगावं लागे. "तू माझ्या सामन्यांना येऊ नकोस."

"का म्हणून?"

"काय होणार ते तुला माहितीये ना? मग बघायला कशाला यायचं?"

बोलण्याची ही तऱ्हा तिने माझ्याकडूनच उचलली होती. वर पुण्यात वाढल्यामुळे तिला धार जरा जास्तच होती. मला राग आला आणि त्याच्या खाली लाजही वाटली. नवऱ्याकडे पाहिलं तर ते शांतपणे चहा पीत होते.

"तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?" मी विचारलं.

"संघाच्या," ते म्हणाले.

सोमवारी मी ऑफिसला गेले. सामने नारायण पेठेतल्या एका शाळेच्या मैदानावर होते. नवऱ्याची पहिली पाळी होती, त्यामुळे दुपारी ते धाकटीला घेऊन गेले. मी संगणकासमोर बसून कुणा परदेशी ग्राहकाच्या पडद्यावरची बटणं दाबत होते आणि घड्याळ पाहत होते. पाच वाजता नवऱ्याचा फोन आला, जिंकले. घरी आल्यावर थोरलीने मला सामन्यातलं एक अक्षर सांगितलं नाही. सांगितलं ते धाकटीने, सोफ्यावरून उड्या मारत. कोण कोणाला शिवलं, कोण पडलं, ताईने कसा सूर मारला. थोरली आतल्या खोलीत दप्तर लावत बसली होती. माझीच मुलगी, भिंतीपलीकडे, आणि तिच्या आनंदाची बातमी मला दुसरीकडून घ्यावी लागत होती. त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

मंगळवारी पहाटे साडेपाचला खालून धप्प असा आवाज आला. हा आवाज मी महिनाभर रोज ऐकत होते आणि दूधवाला क्रेट टाकतो आहे असं समजत होते. त्या दिवशी गॅलरीत जाऊन पाहिलं.

खाली पार्किंगमधल्या दिव्याच्या खांबापाशी आमची जुनी गादी अंथरलेली होती. धाकटी डोळे चोळत खांबाला वळसा घालून पळत होती आणि थोरली तिचा पाठलाग करत होती. खो-खोत पळणारा गडी खांबाच्या आड वळला की सुटतो. त्याला तिथेच गाठायचं तर एका हाताने खांब धरायचा, अंग जमिनीला समांतर झोकून द्यायचं आणि दुसऱ्या हाताने पलीकडच्याला शिवायचं. ती तेच करत होती. धप्प. उठायची, गुडघा झटकायची, जागेवर जायची आणि पुन्हा. पाहता पाहता माझ्या लक्षात आलं, की दर वेळी ती एकच गोष्ट बदलते आहे. एकदा शेवटचं पाऊल, मग खांब धरायची उंची, मग मान. जे जमलं ते ठेवायची, नाही जमलं ते सोडायची. हे मला ऑफिसात नव्या मुलांना महिनोन्‌महिने शिकवावं लागे. हिला कोणी शिकवलं नव्हतं.

मी सवयीने चूक शोधायला लागले. वीस मिनिटं उभी होते. पहिल्या काही उड्यांत सापडल्या. शेवटच्या पाचात एकही सापडली नाही.

आत आले आणि नवऱ्याला उठवलं. "मी तिकिटं रद्द करणार आहे."

ते उठून बसले. "आज दुसरी फेरी होऊ दे. जिंकल्या तर रद्द कर."

"तेव्हा काय, कोणीही करेल."

"बरं, मग दोन ठेव. मी धाकटीला घेऊन जातो, तुम्ही दोघी राहा."

"चारही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुझ्या कंपनीत असं चालतं?"

"नाही," मी म्हणाले. "तिथे मला हाकलून देतील."

ते हसले, "तिला मात्र तूच सांग," म्हणाले आणि टॉवेल उचलून आंघोळीला गेले. त्यांची संमती अशीच असते.

आरक्षण केंद्रात खिडकीमागच्या गृहस्थांनी माझा अर्ज दोनदा वाचला. "बाई, दसऱ्याची आहेत. पक्की आहेत," ते म्हणाले, डॉक्टर जशी वाईट बातमी सांगतात तसे. "आज रद्द केलीत तर परत मिळणार नाहीत. नंतर आम्हाला बोलू नका." मी म्हटलं, "नाही बोलणार." माझ्यामागे रांगेत उभे असलेले एक नागपूरकर हे ऐकून इतके गलबलले, की मी काउंटरवरून हटायच्या आत त्यांनी आपला अर्ज आत सरकवला. बाहेर आले आणि मनात हिशेब सुरू झाला. आजचा सामना मुली हरल्या तर? मग थोरली हरलेली, गाडी गेलेली, आणि नागपुरात वडील दारात उभे. इतकी वर्षं न चुकलेली गोष्ट माझ्या एका हट्टापायी चुकणार होती. ही भीती खरी होती आणि ती दिवसभर माझ्या पोटात बसून राहिली.

वडिलांना फोन करणं भाग होतं. सांगितलं.

पलीकडून आधी टीव्ही बंद केल्याचा आवाज आला. मग, "काय करून राहिली तू?"

मी पुन्हा सांगितलं. तक्ता, फ्रिज, धाकटीचं वाचन, पार्किंगमधली गादी. काही लपवलं नाही.

"सामना किती वाजता हाय?" त्यांनी विचारलं.

"चारला."

"बरं. जमलं तर या. नाही जमलं तर तुमच्या चौघांच्या वाटची वंदना मी घेऊन घेतो." आवाज पडलेला होता. रोज फोन ठेवताना ते पोरींना उकळलेलं पाणी दे म्हणून सांगत, ते त्या दिवशी विसरले.

सामन्याला मी गेले नाही. येऊ नकोस म्हटलं होतं, नाही गेले. साडेपाचला घरी येऊन भाजी निवडत बसले आणि एकच गवारीची शेंग बराच वेळ मोडत राहिले. सहाच्या सुमारास जिन्यात पावलं वाजली. धाकटीची असती तर धडधडत आली असती. ही सावकाश होती.

थोरली दारात आली. कोपरं सोललेली, केसांत माती, ओठ घट्ट मिटलेले. पाठोपाठ नवरा आणि धाकटी.

"जिंकलो," ती म्हणाली, आणि लगेच, "उद्या चारला उपांत्य आहे. दुपारी गाडी आहे ना आपली? मी बाईंना विचारलं. म्हणाल्या, माझ्या जागी राखीव मुलीला घेतील." तोंड फिरवून ती बूट काढायला लागली. तिचा संघ तीन वर्षांनी दुसरी फेरी ओलांडून पुढे गेला होता आणि ती जिना रडवेली होऊन चढली होती, माझ्या तक्त्यामुळे.

"गाडी नाही आपली," मी म्हणाले. "तिकिटं रद्द केली."

"कधी? बाबांनी फोन केला तुला?"

"नाही. सकाळी केली. दहा वाजता."

ती बुटाची नाडी हातात धरून तशीच बसली. तिचं गणित मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "सकाळी? सामना तर चारला होता."

"हो."

"आम्ही हरलो असतो तर?"

"तर बसलो असतो पुण्यात. पुरणपोळी केली असती."

"आणि नागपूरला आबाजी?"

"त्यांना सांगितलंय."

तिने बूट ओढून काढले. आत गेली, बराच वेळ नळ वाहत होता. बाहेर आली ती हळदीची वाटी घेऊन, माझ्यासमोर बसली आणि सोललेलं कोपर पुढे केलं. हळद लावताना कळवळली, पण हात मागे घेतला नाही. मग भिंतीकडे पाहत म्हणाली, "उद्या चारला आहे. साडेतीनला आलीस तर सावलीत जागा मिळते."

मी सव्वातीनला गेले.

उपांत्य सामना आमच्या मुलींनी सहज जिंकला. त्यातलं मला फारसं आठवत नाही, कारण मध्येच धाकटीने गुडदाणीचा तुकडा चावला आणि तिचा दात माझ्या तळहातावर आला. अंदाज बरोबर निघाला होता. घरात कोणी त्याचं कौतुक केलं नाही.

गुरुवारचा अंतिम सामना पेठेतल्याच शाळेशी होता. त्या मुली खो-खो खेळत मोठ्या झालेल्या, बघायला येणारेही त्यातलेच. माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"विश्रांतवाडी."

"अरे वा. तिथे मैदान आहे?"

"नाही," मी म्हणाले. "पार्किंग आहे."

त्यांनी भुवई उंचावली आणि खेळाकडे वळले. पहिल्या डावात त्यांच्या पेठेने आमच्या मुलींना पळू दिलं नाही. माझी मुलगी पहिल्या तिघींत होती, एक मिनिटसुद्धा टिकली नाही. आजोबा म्हणाले, "पार्किंगमध्ये वळायला जागा कमी पडत असेल." मला त्यांचं स्टूल ओढून घ्यावंसं वाटलं. माझ्यातली तपासनीस हळूच म्हणाली, बघ. मी तिला गप्प बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या जोरात गप्प बसवलं.

शेवटच्या पाळीत पाठलाग आमच्याकडे होता. समोरच्यांचे तेरा गुण झाले होते, आमचे सहा. सात मिनिटांत आठ गडी बाद करायचे होते. मुली पाटीत बसल्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, हात जमिनीवर टेकलेले. शिट्टी झाली आणि मैदानभर "खो! खो!" सुरू झालं. पहिल्या तिघी दोन मिनिटांत गेल्या. पुढच्या तिघींतली एक फार चिवट निघाली, तिने वेळ खाल्ला. तरी गेली. सातवी गेली तेव्हा गुण समान झाले. माझा नवरा, जो कारखान्यात यंत्र बंद पडलं तरी आवाज चढवत नाही, तो दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता. आजोबा स्टुलावरून उठले होते.

अर्धं मिनिट राहिलं होतं. समोरची मुलगी पाटीतून नागमोडी पळत खांबाकडे निघाली. खांबाजवळच्या चौकोनात माझी मुलगी बसली होती. मागून तिच्या पाठीवर थाप पडली, "खो!" ती उठली ती पळतच उठली. समोरची खांबाच्या आड वळली. मी डोळे मिटणार होते, मिटले नाहीत. शेवटचं पाऊल बरोबर जागी पडलं, हात बरोबर उंचीवर बसला, मान खाली, आणि अख्खं अंग हवेत आडवं. बोटं त्या मुलीच्या टाचेला लागली. मग ती जमिनीवर आदळली. इथे गादी नव्हती.

पंचांनी शिट्टी वाजवून हात वर केला.

मी काय ओरडले मला ठाऊक नाही. धाकटीचं म्हणणं आहे, की मी "मला माहीत होतं" असं ओरडले. हे साफ खोटं होतं, मला काहीही माहीत नव्हतं. पण सगळ्या मुली एकमेकींवर कोसळल्या होत्या, त्या ढिगाच्या तळाशी माझी होती, आणि मी सलवारीचे पाय वर धरून मैदानात धावत सुटले होते. आजोबा मागून म्हणाले, "बाई, चपला." त्या स्टुलापाशीच राहिल्या होत्या. परत घ्यायला गेले तेव्हा त्यांनी त्या पुढे सरकवल्या आणि म्हणाले, "पोरगी चांगली आहे." पेठेतल्या माणसाकडून याहून जास्त कोणी अपेक्षा करू नये.

विजेता संघ आता पुणे शहराकडून विभागाला जाणार होता. दुपारी वडिलांना फोनवर निकाल कळवून आम्ही बोचकी घेऊन बसस्थानकावर गेलो. जागा असेल याची काही खात्री नव्हती. नागपूरच्या सगळ्या गाड्या भरलेल्या, फलाटावर पाय ठेवायला जागा नाही. तासाभराने गर्दी पाहून एक जादा गाडी लावली. थोरली गर्दीतून अशी आत शिरली, की आम्ही दारापाशी पोहोचायच्या आत शेवटचा अख्खा बाक तिने आडवं पडून धरला होता. कंडक्टर ओरडला, तर म्हणाली, "चार जण आहोत, येतायत." गुडघ्याला पट्टी, गळ्यात पदक. त्याने तिकिटं फाडायला घेतली.

अमरावतीच्या अलीकडे गाडीचं चाक बसलं. नागपुरात शिरलो तेव्हा शुक्रवारची दुपार टळत आली होती. दर दसऱ्याला सकाळी सातला घराबाहेर पडणारे माझे वडील पांढरा सदरा घालून ओट्यावर खुर्चीत बसले होते.

"तुम्ही अजून गेला नाहीत?" मी विचारलं.

"विजयी संघासोबत जाईन म्हटलं," ते म्हणाले. मग थोरलीचा चेहरा दोन्ही हातांत धरून बराच वेळ नुसते पाहत राहिले. माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. "बरं केलं तू," एवढंच म्हणाले. चार दिवस पोटात बसलेली भीती तिथे ओट्यावर उतरली.

दीक्षाभूमीच्या रस्त्यावर माणसांचा पूर होता. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, पुस्तकांचे ढीग, पाण्याचे माठ. रांग इंच इंच सरकत होती. वडिलांना एका कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे थोरली त्यांना सगळा सामना ओरडून सांगत होती आणि पुढे-मागे दहा-पंधरा माणसं ऐकत होती. शेवटच्या अर्ध्या मिनिटाशी आली तेव्हा आमच्या पुढची रांग सरकली तरी कोणी हललं नाही. डोक्यावर बोचकं घेतलेली, दूरच्या गावाहून आलेली एक म्हातारी मागे वळून उभी होती.

"मंग?" तिने विचारलं. "शिवली का न्हाई?"

"शिवले!" थोरली म्हणाली.

लोक हसले, कोणीतरी टाळी दिली. म्हातारीने बोचक्यावरचा हात काढून तिच्या गालावरून फिरवला, बोटं मोडली.

"लई गुणाची हाय. कुणाची लेक गं तू?"

अशा वेळी गाव सांगतात, बापाचं नाव सांगतात, आजोबा शेजारी असतील तर त्यांच्याकडे बोट दाखवतात. थोरलीने मागे पाहिलं. मी दोन माणसं सोडून मागे होते, धाकटीला कडेवर घेतलेली, चेहरा प्रवासाने काळवंडलेला. तिने हात लांब केला, माझं मनगट पकडलं आणि मला ओढून पुढे आणलं.

"हिची," ती म्हणाली.